उडी सोपी, स्थिरावणे अवघड: वेगाने वारंवारता बदलणारे मायक्रोवेव्ह सिंथेसायझर

ब्लूटूथचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारतो. जीएसएमच्या मोबाइल जाळ्यात हा आकडा २१७ होता. नाटो देशांच्या ‘लिंक १६’ या लष्करी संदेशयंत्रणेत ९६० ते १,२१५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान ५१ वारंवारता ठरवून दिलेल्या आहेत आणि दर १३ मायक्रोसेकंदांनी नवी वारंवारता येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७,००० उड्या. त्या १३ मायक्रोसेकंदांपैकी ६.४ स्पंदासाठी जातात. बदल करून स्थिरावायला उरतात ६.६.

उड्यांच्या या कल्पनेचे सर्वांत गाजलेले पेटंट १९४२ सालचे आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी टॉर्पेडोच्या रेडिओ-नियंत्रणासाठी भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर ८८ वारंवारतांची मांडणी सुचवली होती. पियानोलाही त्याच पट्टीवर वाजतो आणि पियानोच्या पट्ट्याही ८८च. कल्पना देखणी होती. पण ज्या ऑसिलेटरने ही उडी घ्यायची त्याचे काय, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या अभियंत्यांच्या गळ्यात पडला आणि अजून सुटलेला नाही. मायक्रोवेव्ह पट्ट्यात, म्हणजे साधारण १ गिगाहर्ट्झच्या वर, तो जास्तच तापदायक होतो.

सगळ्यांनाच वेग लागतो असे नाही. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० अँटेनांना ऑप्टिकल फायबरवरून एकच संदर्भ वारंवारता पोचवली जाते. तिथे तासन्‌तास फेज न ढळणे महत्त्वाचे, उडीचा वेग जवळजवळ निरर्थक. रडारला मात्र दोन्ही हवे असते. स्पंदागणिक वारंवारता बदलली तर शत्रूला ते दाबणे कठीण जाते. पायरीपायरीने वारंवारता वाढवत १ गिगाहर्ट्झची रुंदी झाकली तर अंतराची सूक्ष्मता १५ सेंटिमीटरवर येते. पण याच रडारला १० गिगाहर्ट्झवर सेकंदाला एक मीटर वेगाने सरकणाऱ्या वस्तूची फक्त ६७ हर्ट्झची डॉप्लर सरक डोंगराच्या प्रचंड प्रतिध्वनीशेजारी ओळखायची असते. त्यामुळे वाहकाशेजारचा गोंगाट जरा वाढला की लक्ष्य त्यात बुडाले. इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या सरावासाठी एकाच यंत्रातून अनेक रडारांची सोंगे आणायची असतील, तर मागणी थेट शेकडो नॅनोसेकंदांवर येते. कारखान्यात चिप तपासणारी यंत्रे यांच्या मधे कुठेतरी बसतात. एका चिपवर शेकडो वारंवारतांच्या चाचण्या असल्या की प्रत्येक उडीतला वाया गेलेला वेळ महिनाअखेर पैशात दिसतो.

वेगाची किंमत कशात मोजायची

डेटाशीटवर ‘स्विचिंग टाइम’ अशी एक ओळ असते. त्या ओळीइतकी फसवी ओळ दुसरी नसेल. वेळ कुठून मोजला? आज्ञा शेवटच्या बिटासह पोचल्यापासून, की सिंथेसायझरने ती अंमलात आणायला घेतल्यापासून? कुठपर्यंत मोजला? अंतिम वारंवारतेच्या १ मेगाहर्ट्झ आत, १ किलोहर्ट्झ आत, की फेज ठरावीक अंशांत स्थिरावेपर्यंत? किती मोठ्या उडीसाठी? १० मेगाहर्ट्झच्या उडीचा आकडा छापायचा आणि गिऱ्हाइकाने १० गिगाहर्ट्झची उडी घ्यायची, हा प्रकार दुर्मीळ नाही.

मुळात तीन गोष्टी एकमेकींना ओढत असतात: वेग, स्वच्छता आणि पायरीचा बारीकपणा. स्वच्छतेतही दोन भाग. एक फेज नॉइज, म्हणजे वाहकाच्या दोन्ही अंगांना पसरलेला गोंगाट. तो दर हर्ट्झ रुंदीला वाहकापेक्षा किती डेसिबल खाली आहे असा सांगतात. दुसरा भाग स्पर, म्हणजे नको त्या ठिकाणी उभे राहिलेले एकेकटे सूर. स्पर काढायला अरुंद फिल्टर लागतो आणि अरुंद फिल्टर मागचे फार वेळ धरून ठेवतो. ५० मेगाहर्ट्झ रुंदीच्या फिल्टरमधून जुनी वारंवारता निघून नवी स्थिरावायला काही दशक नॅनोसेकंद पुरतात; ५० किलोहर्ट्झ रुंदीचा फिल्टर असेल तर हजारपट वेळ. पुढे आलेली प्रत्येक रचना याच हिशेबाशी झगडते. जिथे स्वच्छता साठवणीतून मिळवली आहे, तिथे वेग गेला. म्हणून ज्या रचनेत साठवणच कमी ठेवून स्वच्छता मिळते, ती खरी हुशार रचना.

गोंगाटाचे अंकगणित एकदा डोळ्यांखालून घातले की बाकीचे सोपे जाते. वारंवारता एनपट केली की फेज नॉइज २० लॉग एन डेसिबलने चढतो. १०० मेगाहर्ट्झच्या उत्तम क्वार्ट्झ ऑसिलेटरचा गोंगाट १० किलोहर्ट्झ अंतरावर वाहकाच्या १७५ डेसिबल खाली आहे असे धरू. तो १०० पट करून १० गिगाहर्ट्झवर नेला तर ४० डेसिबल चढून उणे १३५ उरतो. निसर्गाने घातलेली ही मर्यादा. याहून चांगले हवे असेल तर स्रोतच बदलायला हवा. आता त्याच १० गिगाहर्ट्झसाठी साध्या फेज लॉक लूपने (त्याची रचना पुढे येते) १० किलोहर्ट्झची पायरी मागितली, तर एन होतो दहा लाख आणि चढ १२० डेसिबल. मग लूपच्या आतला गोंगाट कशानेही झाकला जात नाही. बारीक पायरी आणि स्वच्छता यांचे वैर इथून सुरू होते.

थेट मार्ग: स्विच, मिक्सर आणि डबे

सर्वांत जुना मार्ग आजही सर्वांत वेगवान मार्गांपैकी एक आहे. एका क्वार्ट्झपासून गुणाकार-भागाकार करून काही ठरावीक वारंवारता सतत चालू ठेवायच्या, हव्या त्या स्विचने निवडायच्या, मिक्सरमध्ये बेरीज-वजाबाकी करायची, फिल्टरने नको ते काढायचे. बारीक पायऱ्या हव्यात तर मिक्स करा, दहाने भागा, पुन्हा मिक्स करा. प्रत्येक फेरीत दशांशाचे एक घर वाढते. ह्यूलेट-पॅकार्डने १९६४ मध्ये आणलेला ५१००ए हा सिंथेसायझर ५० मेगाहर्ट्झपर्यंत ०.०१ हर्ट्झच्या पायऱ्या देत असे. त्याच्याबरोबर दुसरा ड्रायव्हरचा डबा घ्यावा लागे आणि दोन्ही मिळून रॅकची चांगलीच जागा खात.

या पद्धतीचा वेग स्विच आणि फिल्टरवर ठरतो. पिन डायोडचे किंवा गॅलियम आर्सेनाइडचे स्विच नॅनोसेकंदांत उघडतात-मिटतात, त्यामुळे रुंद फिल्टर ठेवले तर एकूण उडी काही शेकडो नॅनोसेकंदांत उरकते. शिवाय एक मोठा लाभ फुकटात मिळतो. सगळ्या मूळ वारंवारता कायम चालू असल्याने पहिल्या वारंवारतेवरून दुसरीवर जाऊन परत आलो तरी फेज तिथेच सापडते, जणू मधे कुठे गेलोच नव्हतो. रडारच्या माणसाला हे किती प्रिय आहे ते वेगळे सांगायला नको.

दुखणे आहे ते आकाराचे. वाहकाच्या ८० डेसिबल खाली स्पर हवा असेल, तर बंद स्विचमधून निसटणारा सूरही ८० डेसिबल दाबलेला असला पाहिजे. एका स्विचला मायक्रोवेव्हवर ते जमत नाही, म्हणून दोन-तीन ओळीत लावायचे, मधे भिंत घालायची. प्रत्येक मिक्सर दोन वारंवारतांच्या पटींची असंख्य संयुगे तयार करतो. त्यांतली कुठली पट्ट्यात पडते हे आधी कागदावर पाहिले नाही तर ॲल्युमिनियम कोरून केलेले महागडे डबे शेवटी भंगारात जातात. फिल्टरांच्या फळ्याच फळ्या उभ्या राहतात. वजन, वीज आणि किंमत, तिन्ही चढतात. तरीही एका मायक्रोसेकंदाच्या आत, मोठ्या पट्ट्यात, अतिशय स्वच्छ सिग्नल पाहिजे असेल तर या वाटेचा गाभा टाळता येत नाही, असे मला वाटते. त्याला आज दुसऱ्या वाटांची जोड मिळते एवढेच.

लूप

फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ याने १९३२ मध्ये समकालिक ग्रहणावर लिहिले, तिथपासून फेज लॉक लूपचा इतिहास मोजतात. आपला ऑसिलेटर कितीही भटका असला तरी त्याची वारंवारता एनने भागून संदर्भाशी ताडून पाहायची, चूक फिल्टरमधून पाठवून त्याला ओढून आणायचे. चार्ज पंप लावलेल्या लूपचे गणित फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० मध्ये मांडले आणि आज खिशातल्या प्रत्येक फोनमध्ये ही रचना आहे. नखाएवढ्या चिपमध्ये ऑसिलेटरसह सगळे बसते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएमएक्स२५९४ ही चिप १५ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, ॲनालॉग डिव्हायसेसची एडीएफ४३७१ तर ३२ गिगाहर्ट्झपर्यंत. पूर्वी यासाठी डबाभर सामान लागे.

पण लूप म्हणजेच साठवण. लूपची रुंदी १०० किलोहर्ट्झ असेल तर चूक साधारण ३ मायक्रोसेकंदांत २.७ पटीने घटते. १ गिगाहर्ट्झची उडी १ किलोहर्ट्झपर्यंत शमवायची म्हणजे चूक दहा लाखाने कमी करायची. त्याला असे सुमारे १४ टप्पे लागतात. झाले ४५ मायक्रोसेकंद, तेही सगळे आदर्श असेल तर. रुंदी दहापट केली की वेळ दहापट घटतो. पण रुंदी फेज तुलनेच्या वारंवारतेच्या दहाव्या भागापलीकडे नेली की लूप डगमगू लागतो आणि त्या तुलनेच्या वारंवारतेचे स्पर बाहेर डोकावतात. उलट रुंदी फारच कमी ठेवली तर उडीच्या सुरुवातीला फेजची अख्खी चक्रे निसटतात आणि ओढत नेण्यातच वेळ जातो.

एन कमी ठेवून बारीक पायरी कशी मिळवायची, याला अपूर्णांकी भागाकार हे उत्तर निघाले: कधी १०० ने भागा, कधी १०१ ने, सरासरी मधली. या आलटापालटीतून नियमित स्पर उठतात. डेल्टा-सिग्मा पद्धतीने ही आलटापालट विस्कटून तिचा गोंगाट वाहकापासून लांब, लूपच्या रुंदीबाहेर ढकलता येतो. रायली, कोपलंड आणि क्वासनिएव्हस्की यांचा १९९३ चा लेख या वाटेवरचा मैलाचा दगड मानला जातो. एक काटा मात्र रुतूनच राहिला. हवी ती वारंवारता संदर्भाच्या पूर्ण पटीच्या अगदी जवळ असली की त्या दोहोंच्या फरकाइतक्या अंतरावर स्पर उभा राहतो आणि तो लूपच्या आत असल्याने फिल्टरला दिसतच नाही. त्यावर नेहमीचा व्यवहारी उपाय: दोन वेगळ्या संदर्भ वारंवारता ठेवायच्या आणि कटकटीच्या जागी दुसरी वापरायची.

चिपच्या आतल्या गोंगाटाचाही हिशेब करू. लूपमध्ये फेजची तुलना करणाऱ्या चांगल्या फेज डिटेक्टरचा सामान्यीकृत आकडा उणे २३० धरला, तुलना १०० मेगाहर्ट्झवर, एन १००, तर १० गिगाहर्ट्झवर लूपच्या आतला गोंगाट उणे ११० येतो. क्वार्ट्झ उणे १३५ द्यायला तयार होते. पंचवीस डेसिबल आपण वाटेत सांडले.

ते परत मिळवण्याची युक्ती जुनी आहे आणि माझ्या मते तिला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही. ऑसिलेटरच्या १० गिगाहर्ट्झला भागायचेच नाही. लूपच्या आत मिक्सर ठेवायचा, त्याला बाहेरून ९.९ गिगाहर्ट्झचा स्वच्छ सूर द्यायचा, आणि उरलेल्या १०० मेगाहर्ट्झची थेट संदर्भाशी तुलना करायची. एन झाला एक. फेज डिटेक्टरचा गोंगाट वर चढतच नाही. लूपच्या आतला गोंगाट इतका कमी असला की लूपची रुंदी १ मेगाहर्ट्झपलीकडे नेणे फायद्याचे ठरते, कारण ऑसिलेटरचा स्वतःचा गोंगाट तेवढ्या मोठ्या पट्ट्यात दाबला जातो. आणि रुंद लूप म्हणजे वेगवान लूप. एरवी भांडणारे वेग आणि स्वच्छता इथे एकाच दिशेला ओढतात.

फुकट काहीच नाही. मिक्सरला ९.८ आणि १० गिगाहर्ट्झ सारखेच दिसतात. दोन्हींतून १०० मेगाहर्ट्झच निघतो. लूप चुकीच्या बाजूला अडकू शकतो, किंवा ऑसिलेटरच्या पल्ल्याच्या टोकाला जाऊन चिकटून बसतो. म्हणून उडीच्या क्षणी आधी एका डिजिटल-ॲनालॉग कन्व्हर्टरने ऑसिलेटरला हव्या जागेच्या जवळ नेऊन ठेवायचे आणि मग लूपच्या स्वाधीन करायचे. हे ‘जवळ’ किती जवळ, ते ऑसिलेटरच्या तापमानावर, वयावर, पुरवठ्यावर अवलंबून असते, त्यामुळे कारखान्यात तक्ते भरायचे आणि वापरात ते अधूनमधून दुरुस्त करायचे. प्रयोगशाळेत २५ अंशांना सुरळीत चालणारा सिंथेसायझर उणे ४० ला लॉक होत नाही, याची निम्मी कारणे या तक्त्यात सापडतात. अलेक्झांडर चेनाकिन यांनी बहुलूप रचना लहान करण्यावर बरेच काम केले आणि लिहिले. फेज मॅट्रिक्समध्ये त्यांनी घडवलेल्या क्विकसिन सिंथेसायझरने १० गिगाहर्ट्झपर्यंतच्या उड्या साधारण १०० मायक्रोसेकंदांवर आणल्या, तेही तळहाताएवढ्या पेटीत.

ऑसिलेटर कोणता घ्यायचा हे वेगाच्या प्रश्नातच दडलेले आहे. यिट्रियम-लोह गार्नेटचा मणी चुंबकक्षेत्रात ठेवला की तो दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ या प्रमाणात अनुनादतो. २ ते २० गिगाहर्ट्झ इतका विशाल पल्ला, सुरेख सरळ रेषेत आणि अतिशय कमी गोंगाटात, दुसरे कोणी देत नाही. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेतल्या उत्तम उपकरणांच्या पोटात हाच मणी होता. पण १० गिगाहर्ट्झसाठी सुमारे ३,५७० गॉसचे क्षेत्र हवे आणि ते बदलायचे म्हणजे विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यातला प्रवाह बदलायचा. मोठे इंडक्टन्स, लोखंडातले भोवरे, हिस्टेरेसिस. उडी मिलिसेकंदांत जाते. वेग हवा असेल तर व्हॅरॅक्टर डायोडवर चालणारा ऑसिलेटर घ्यावा लागतो, आणि त्याची संवेदनशीलता पत्करावी लागते: दर व्होल्टला १०० मेगाहर्ट्झ सरकणाऱ्या ऑसिलेटरच्या नियंत्रणतारेवर दर वर्गमूळ हर्ट्झला एक नॅनोव्होल्ट गोंगाट असला, तरी १०० किलोहर्ट्झ अंतरावर उणे १२३ डेसिबलचा फेज नॉइज तयार होतो. एक नॅनोव्होल्ट! ५० ओहमच्या रोधाचा नुसता औष्णिक गोंगाट जवळपास तेवढा असतो. म्हणूनच अलीकडच्या चिपमध्ये ऑसिलेटरचा पल्ला शेकडो लहान पट्ट्यांत तोडतात, पट्टी कपॅसिटरच्या स्विचनी निवडतात. संवेदनशीलता घटते, पण प्रत्येक मोठ्या उडीला योग्य पट्टी शोधण्याचा वेळ वाढतो. तो वाचवायला पट्ट्यांचा तक्ता आधीच साठवून ठेवायची सोय हल्ली मिळते. वेगाची गरज असलेल्याने ती वापरलीच पाहिजे.

दोन सिंथेसायझर ठेवून एक कामावर असताना दुसरा पुढच्या वारंवारतेवर स्थिरावू द्यायचा, हा ‘पिंग-पाँग’ प्रकार जीएसएमच्या तळकेंद्रांत सर्रास होता. दोन स्पंदांमधली मोकळी जागा तिथे ३० मायक्रोसेकंदांच्या आसपास. नंतर एडीएफ४१९३ सारख्या चिपने उडीच्या काळात लूप रुंद करून मग अरुंद करण्याची युक्ती इतकी नीट बसवली की फेज २० मायक्रोसेकंदांत स्थिरावू लागली आणि दुसऱ्या सिंथेसायझरची गरज संपली. पिंग-पाँगची मर्यादाही स्पष्ट आहे. एका वारंवारतेवरचा मुक्काम लॉकच्या वेळेपेक्षा आखूड झाला की दोनाचे तीन, तिनाचे चार सिंथेसायझर करावे लागतात, आणि जो पडद्याआड सरकतो आहे त्याचा सूर स्विचमधून झिरपतोच.

आकड्यांतून लाट

लिंकन लॅबोरेटरीतल्या टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी १९७१ मध्ये डिजिटल सिंथेसायझरवर लेख लिहिला. कल्पना शाळकरी वाटेल इतकी सोपी: दर क्लॉकला एका रजिस्टरमध्ये ठरावीक आकडा मिळवत जा, बेरजेला फेज माना, तक्त्यातून तिची साइन काढा, कन्व्हर्टरने व्होल्टेज करा. आकडा बदलला की पुढच्या क्लॉकपासून नवी वारंवारता. लूप नाही, ओढाताण नाही. एडी९९१४ ही चिप सेकंदाला ३.५ अब्ज नमुने काढते. ३२ बिटांमुळे पायरी एका हर्ट्झहून कमी आणि वापरण्याजोगी वारंवारता १.४ गिगाहर्ट्झपर्यंत. उशीर होतो तो आतल्या पाइपलाइनचा, नॅनोसेकंदांत मोजण्याचा.

गोम स्परमध्ये आहे. कन्व्हर्टर पूर्ण सरळ रेषेत नसतो, त्यामुळे हार्मोनिक उठतात, आणि नमुन्यांच्या दुनियेत ते क्लॉकवर आपटून परत फिरतात. १ गिगाहर्ट्झ क्लॉकवर २५०.०१ मेगाहर्ट्झ काढा. तिसरा हार्मोनिक ७५०.०३ वर जातो, उलटून २४९.९७ वर येऊन बसतो, वाहकापासून फक्त ४० किलोहर्ट्झ दूर. आता कुठला फिल्टर लावणार? लावलाच तर ज्या वेगवान उडीसाठी ही पद्धत घेतली तो हेतूच संपला. त्यामुळे या पद्धतीत वारंवारतांचे नियोजन हेच खरे डिझाइन: कुठला पट्टा वापरायचा, कुठले क्लॉक, कुठल्या कोपऱ्यात दुसऱ्या क्लॉकवर जायचे.

मायक्रोवेव्हपर्यंत नेताना गुणाकार केला तर स्परही गुणाकाराबरोबर चढतात. उणे ८० चा स्पर १६ पट केल्यावर उणे ५६ वर येतो. मिक्सरने वर नेला तर उणे ८० च राहतो आणि वर नेऊन भागला तर उलट खाली जातो. म्हणून आजच्या वेगवान रचनांत डिजिटल भाग २५० ते ४५० मेगाहर्ट्झसारख्या निवडक तुकड्यात ठेवतात, त्याला थेट पद्धतीने बनवलेल्या २०० मेगाहर्ट्झ अंतराच्या सुरांबरोबर मिसळतात आणि सलग पल्ला जोडत जातात. १० गिगाहर्ट्झवर एका दमात असे केले तर मिसळलेला मूळ सूर अवघा अडीच टक्के दूर पडतो आणि त्याला काढणारा फिल्टर करणे जिकिरीचे होते, म्हणून वर जाणे दोन पायऱ्यांत. जुन्या थेट मार्गातली दशांशाची सगळी खालची घरे एका चिपने खाल्ली. वरची मोठी पावले मात्र स्विच आणि फिल्टरचीच राहिली. एका मायक्रोसेकंदाच्या आत ज्यांना काम उरकायचे आहे त्यांनी आज सुरुवात इथून करावी.

गेल्या काही वर्षांत कन्व्हर्टरच मायक्रोवेव्हमध्ये शिरले. एडी९१६४ सेकंदाला १२ अब्ज नमुन्यांपर्यंत जातो आणि त्यात ३२ स्वतंत्र डिजिटल ऑसिलेटर आहेत. सगळे एकाच वेळी चालू ठेवून निवडले की फेज जुन्या थेट पद्धतीसारखी जिथल्या तिथे सापडते. झायलिंक्सच्या आरएफएसओसी मालिकेत तर असे कन्व्हर्टर प्रोसेसर आणि गेट ॲरेसह एकाच चिपवर आले. यामुळे प्रश्न मिटला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो मिटलेला नाही, क्लॉकवर सरकला आहे. १२ गिगाहर्ट्झच्या क्लॉकमध्ये जो गोंगाट आहे तोच प्रमाणात बाहेर येतो, आणि त्या क्लॉकसाठी पुन्हा क्वार्ट्झ, गुणाकार, आत मिक्सर ठेवलेला लूप. सुदैवाने हे क्लॉक एकाच वारंवारतेचे असल्याने त्याला वेगाची अट नाही. नीलमण्याचे रेझोनेटर किंवा प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सी कोंबमधून भागून काढलेली अतिस्वच्छ मायक्रोवेव्हही तिथे चालते.

जे आकृतीत दिसत नाही

ब्लॉक डायग्रामवर सगळे सिंथेसायझर सुंदर दिसतात. लूप फिल्टरमधला कपॅसिटर कुठल्या जातीचा आहे हे त्यात लिहिलेले नसते. उच्च क्षमतेच्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये डायलेक्ट्रिक शोषण असते: व्होल्टेज बदलल्यावरही तो आधीचा भार हळूहळू सोडत राहतो, आणि २० मायक्रोसेकंदांत लॉक व्हायचा लूप शेवटच्या काही किलोहर्ट्झसाठी मिलिसेकंदभर सरकत राहतो. सी०जी जातीचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे कपॅसिटर बसवले की दुखणे जाते. व्हॅरॅक्टर ऑसिलेटरलाही उडीनंतर तापमान बदलल्याने येणारी अशीच मंद सरक असते. तिला कपॅसिटर बदलून औषध नाही. ऑपॲम्प मोठ्या उडीत टोकाला आपटला तर सावरायला वेळ घेतो. पंख्याची थरथर वाहकाच्या दोन्ही बाजूंना उमटते.

आज्ञा पोचवणारी तारही मोजावी लागते. २४ बिटांचे एक रजिस्टर २० मेगाहर्ट्झच्या सीरियल बसने भरायला १.२ मायक्रोसेकंद लागतात. अशी सहा रजिस्टरे असली की ७ मायक्रोसेकंद गेले, आणि सिंथेसायझरने अजून हालचालही केलेली नसते. म्हणून वारंवारता आधी भरून ठेवून पिनांच्या इशाऱ्याने निवडायची सोय बघावी. डिजिटल चिपमध्ये आठ प्रोफाइलची अशी सोय बहुधा असते. किंवा समांतर बस.

राहिला मोजमापाचा प्रश्न. मिलिसेकंदांच्या जगात ‘१ किलोहर्ट्झच्या आत’ या अटीला अर्थ होता. एका मायक्रोसेकंदात १ किलोहर्ट्झची चूक म्हणजे फेजमध्ये जेमतेम ०.३६ अंशाचा फरक. इतक्या आखूड खिडकीत ती वारंवारता म्हणून पाहताच येत नाही. सिंथेसायझरचा सिग्नल स्थिर संदर्भाशी मिसळून फेज काळाबरोबर कशी शमते हे पाहावे, आणि पाहणाऱ्या उपकरणाची स्वतःची रुंदी पुरेशी आहे ना याची आधी खात्री करावी, नाहीतर आपण त्याच्याच फिल्टरचा वेग मोजत बसतो. खरेदी करणाऱ्याने करारात फेजची मर्यादा अंशांत लिहून घ्यावी, शेवटच्या बिटापासून वेळ धरावा, पट्ट्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरची उडी मागावी, आणि ती थंड व तापलेल्या दोन्ही स्थितींत करून दाखवायला सांगावी.